पाण्याची रेल्वे आणि विजेचा हिशोब

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग मी येडशीतून बोलतोय. मागे हायवेच्या गाड्यांचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

आजचा विषय आहे कोळशाला पर्याय. म्हणजे सूर्य, वारा वगैरे. या विषयावर आपण सगळ्यांनी शाळेत निबंध लिहिलाय. "कोळसा एक दिवस संपणार, सूर्य संपणार नाही." दहापैकी सात मार्क ठरलेले. त्यातलं काही खोटं नाही. पण आपल्या भागासाठी जी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, ती त्या निबंधात नसायची. ती गोष्ट पाण्याची आहे. म्हणून सुरुवात विजेपासून नाही, एका रेल्वेगाडीपासून करतो.

25 लाख लिटर

एप्रिल 2016 आठवा. लातूर शहराच्या नळाला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. 11 एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणींची, साधारण पाच लाख लिटरची, आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. एका खेपेला 25 लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि आमच्या येडशीवरून ती गाडी लातूरला जायची. आम्ही स्टेशनवर उभं राहून पाहिलीय ती. गाडी गेली की लोक एकमेकांकडे बघायचे. आपल्याकडेही टँकरच होता, पण पाणी रेल्वेने जाताना बघणं वेगळंच.

हा 25 लाख लिटरचा आकडा डोक्यात ठेवा. तो आपल्याला सारखा लागणार आहे.

आता परळीला जाऊ. मराठवाड्यातलं औष्णिक वीज केंद्र तिथे आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये हे केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं ठीक होती, पाणी नव्हतं. 2015 च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं. जुलैमध्ये केंद्र बंद.

कोळशावरच्या वीज केंद्राला एवढं पाणी लागतं कशाला? सोपं आहे. कोळसा जाळून पाणी उकळायचं, त्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने चक्र फिरवायचं, चक्राला जोडलेलं जनित्र वीज तयार करणार. काम झालेली वाफ पुन्हा थंड करून पाणी करावं लागतं, म्हणजे ते परत बॉयलरला देता येतं. हे थंड करण्याचं काम ते डमरूसारखे मोठे मनोरे करतात. त्यांच्यावरून जो पांढरा ढग निघताना दिसतो, तो धूर नसतो. ते उडून चाललेलं पाणी असतं. शिवाय राख वाहून न्यायला पाणी लागतं, ते वेगळं.

किती लागतं? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली. एका मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त 3.5 घनमीटर. आपल्या भाषेत, एका युनिटमागे साडेतीन लिटर. महिन्याला 100 युनिट वापरणारं घर धरा. त्याची सगळी वीज कोळशाची असेल, तर तिच्यासाठी कुठेतरी 350 लिटर पाणी खर्च झालं. पावणेदोन बॅरल. हे पाणी तुमच्या बिलावर दिसत नाही.

आता तो गाडीचा आकडा काढा. 25 लाख लिटर भागिले साडेतीन. साधारण 7 लाख 14 हजार युनिट. परळीतला 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर एवढी वीज तीन तासांच्या आत तयार होते. म्हणजे मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवर आणलेली अख्खी गाडी एक संच सकाळच्या चहापासून न्याहारीपर्यंत पिऊन टाकेल.

परळीला कोळसाही बाहेरूनच येतो, कारण मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. कोळसा लांबून आणायचा आणि ज्या गोदावरीच्या पाण्यावर गावं, शेती अवलंबून, तेच पाणी त्याला द्यायचं. ज्या काळी हे केंद्र उभं राहिलं, तेव्हा दुसरा उपाय नव्हता. परळीने मराठवाड्याला उजेड दिला, हे विसरून चालणार नाही. पण आता दुसरा उपाय आहे का, एवढं तरी बघायला हवं.

उन्हाला वाफ लागत नाही

सौर पॅनेलचं काम कोळशाच्या उलट आहे. तिथे काही जळत नाही, काही उकळत नाही, काही फिरत नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि एका दिशेने वाहायला लागतात. तीच वीज. वाफ नाही, म्हणून ती थंड करायला पाणी नाही. काच धुवायला लागतं तेवढंच.

इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटतं, ऊन जेवढं कडक तेवढी वीज जास्त. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात भर दुपारी पॅनेल 60 अंशांपर्यंत तापलं, तर दहा-बारा टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता हवा. पत्र्याला चिकटवून बसवायचं नाही.

धाराशिव तालुक्यातच कौडगावला महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्यावरून हिशोब करू. सौर प्रकल्प 24 तास चालत नाही, रात्री शून्य. वर्षाची सरासरी काढली तर आपल्याकडे क्षमतेच्या साधारण पाचव्या भागाएवढी, म्हणजे 19 टक्क्यांच्या आसपास वीज मिळते असं धरतात. त्या हिशोबाने एका मेगावॅटमागे वर्षाला सोळा-साडेसोळा लाख युनिट. 50 मेगावॅटचे झाले आठ कोटींच्या पुढे. एवढीच वीज कोळशावर केली असती तर साडेतीन लिटरने 29 कोटी लिटर पाणी लागलं असतं. आपल्या त्या गाडीच्या भाषेत शंभराहून जास्त खेपा. दरवर्षी.

हे पाणी लगेच आपल्या नळाला येतं असं नाही, हेही सांगतो. ती वीज कुठल्या केंद्रातली बदली झाली, यावर ते पाणी कुठे वाचलं हे ठरतं. पण कोळशाच्या केंद्राला पाणी नदीतून नाहीतर धरणातूनच येतं, आणि तिथे वाचलेलं पाणी कुणाच्या तरी उपयोगाचं असतं.

बदल्यात लागते ती जमीन. एका मेगावॅटला चार ते पाच एकर. 50 मेगावॅटला दोनशे-अडीचशे एकर. पडीक माळ असेल तर ठीक. पाण्याखालची काळी जमीन असेल तर दहा वेळा विचार करावा.

डोंगरावरचे पंखे

येडशीहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसतात. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांत त्या बऱ्याच झाल्यात. लहान मुलं त्यांना पंखे म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात.

वाऱ्याचं गणित मोठं मजेशीर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. दोनाचा घन आठ. म्हणून खाली गावात जो वारा नुसती झुळूक वाटतो, तो माथ्यावर थोडा जास्त असला तरी कंपनी शंभर मीटरचा मनोरा तिथे नेऊन उभा करते. वेग निम्मा झाला की तीच गोष्ट उलटी, वीज आठव्या भागावर. उन्हाळ्यातल्या दुपारी पंखा थांबलेला दिसला की लोक म्हणतात, बंद पडली. बहुतेक वेळा ती बंद पडलेली नसते, वाऱ्याची वाट बघत असते.

आपल्याकडे चांगला वारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत. म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा ढगांमुळे सौर वीज कमी होते. ऊन आणि वारा एकमेकांची पाळी सांभाळतात. एकट्यावर भागत नाही, जोडीने बरंच भागतं.

पण पवनचक्कीबरोबर भांडणंही आलीत. जागेचा मोबदला किती, शेतातून रस्ता गेला त्याचं काय, तारांचा मनोरा शेजारच्याच्या बांधावर आला तर त्याला काय. एकाला लाखांत मिळतात, बांधाला बांध असलेल्या दुसऱ्याला हजारांत. मग वाद होणार नाही तर काय? या पैशाभोवती किती भयंकर घडू शकतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगला दिसलं. तिथल्या सरपंचांच्या खुनाच्या तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा विषय पुढे आला. वारा स्वच्छ असतो, पण व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही. तो करावा लागतो.

तेव्हा कुणी करार घेऊन आलं तर सही करण्याआधी तो मराठीत वाचून घ्या. किती वर्षांचा, दरवर्षी वाढ किती, कंपनीने तो दुसऱ्या कंपनीला विकला तर तुमचं काय, आणि मुदत संपल्यावर जमिनीतला सिमेंटचा पाया कोण काढणार. शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही.

रात्रीचं काय?

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, "सूर्य मावळल्यावर तुमचे पॅनेल काय करणार?" रास्त प्रश्न आहे.

संध्याकाळी सात ते दहा या वेळात घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे लागतात. मागणी चढते आणि सौर वीज शून्यावर असते. ही दरी भरायला साठवण लागते. एक मार्ग बॅटरीचा. दुसरा आपल्या सह्याद्रीत आहे. घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे, 2008 पासून. तिथे दोन तलाव आहेत, एक वर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. पाणी तेच, फिरत राहतं. अशी साठवण पुरेशी होईपर्यंत रात्रीचा मोठा भार कोळशावरच राहणार. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज आजही कोळशाची आहे. उद्या परळीला कुलूप लावा असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

पण एक ग्राहक असा आहे, ज्याला रात्रीची वीज नकोच आहे. तो म्हणजे शेतकरी.

वाघाचं टायमिंग

शेतीची थ्री फेज लाईट कशी येते, हे गावाकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन शेतात. बाराला लाईट येणार, कधी दोनला जाणार, पुन्हा येणार. अंधारात दारं धरायची. साप, विंचू, फ्यूज टाकताना बसणारा शॉक, सगळं त्यातच आलं.

त्यात डिसेंबर 2024 मध्ये आमच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात चक्क वाघ आला. कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चारशे किलोमीटरच्या वर चालत आलेला. आमचं अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं, त्याला लागून शेतं. गावाला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. आमचे तात्या तेव्हा म्हणाले, "लाईट रात्रीची, अन् वाघबी रात्रीचाच. दोघांचं टायमिंग एकच पडलंय बघ." सगळे हसलो. मग तात्या कांबळं घेऊन मोटारीवर गेले. गहू वाळत होता.

इथे सौर वीज अगदी चपखल बसते. पिकाला पाणी दिवसा द्यायचं असतं आणि पॅनेल दिवसाच वीज देतं. बॅटरीची गरज नाही. दिवसा उपसलेलं पाणी जमिनीत किंवा हौदात गेलं, तीच साठवण.

यासाठी सध्या दोन रस्ते आहेत. पहिला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. 2017 ला सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचा छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फिडरला द्यायची. शेतकऱ्याची मोटार, तार, डीपी तीच, फक्त लाईट दिवसा. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला, 3 मेगावॅटचा. प्रकल्पाला खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर दुसऱ्या टप्प्यात ठरला.

दुसरा रस्ता, मागेल त्याला सौर कृषी पंप. यात पॅनेल तुमच्या शेतातच. किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्यापुढे साडेसात एचपी. लाईनवर अवलंबून नाही, हा फायदा. ढगाळ दिवशी धार बारीक, हा तोटा. विहीर लांब असेल आणि तार पोहोचलेली नसेल तर हाच पर्याय बरा.

आणि पुन्हा पाणी

आता मी खूश होऊन भाग संपवला असता. पण सुरुवात पाण्यापासून केलीय, तर शेवटही तिथेच जातो.

सौर पंपाला बिल नाही. लाईनवरच्या साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांनाही एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी वीज मोफत केलीय. आता दिवसा, विनात्रास, फुकट वीज मिळाली की मोटार बंद कोण करणार? रात्रीचा त्रास वाईटच होता, पण त्या त्रासामुळे उपसा थोडा आवरला जायचा. बिल होतं तोवर तेही थोडं आवरायचं. दोन्ही गेले. उरला तो एकच लगाम, विहिरीचा तळ.

आमच्या खाली काळा बेसाल्ट आहे. वाळूसारखा तो पाणी साठवत नाही. वरचा कुजलेला थर आणि खडकातल्या भेगा, यांत जे मुरलं तेवढंच. खोल गेलं की भेगा कमी होत जातात. म्हणून पाचशे, सातशे फूट बोर घेऊनही नुसता फुफाटा वर आलेले कितीतरी जण तुमच्याही ओळखीचे असतील. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत. कायदा आहे. आणि रात्री बोरच्या गाड्यांचा आवाजही आहे.

म्हणजे बघा, कोळशाच्या चुलीवर जाणारं पाणी आपण उन्हाने वाचवलं आणि तेच ऊन वापरून जमिनीखालचं उपसून उसाला घातलं, तर हिशोब कुठे जुळला? एक खातं भरलं, दुसरं रिकामं केलं. 2016 सारखं साल पुन्हा आलं तर पॅनेल लखलखत असतील, पंप चालू असेल आणि पाइपातून हवा येईल.

उपाय अवघड नाहीत, पण ते एकट्याने करण्यासारखे नाहीत. सौर पंपाबरोबर ठिबक घ्या. बोरपेक्षा विहीर आणि शेततळं यावर पंप ठेवा. पाण्याची पातळी गावाने मिळून मोजा, पावसाळ्यानंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, आणि त्यावर उन्हाळी पीक ठरवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोर घ्यायचीच नाही असं गावाने ठरवलं आणि पाळलं. त्यांचाही पाऊस कमीच आहे. त्यांनी आधी पाण्याचा ताळेबंद मांडला, मग पिकाचा.

तात्यांचा अर्ज यंदा भरलाय. 5 एचपीचा. मी त्यांना म्हटलं, "तात्या, आता रात्री झोपा निवांत." तर म्हणाले, "झोपतो की. पण हिरीला बी जरा झोपू द्यावं लागंल." मला एका तासात जे सांगायचं होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

तुमच्या गावात सौर फिडर आला असेल, तर दोन गोष्टी मला कळवा. दिवसा लाईट खरंच किती तास मिळते, आणि विहिरीची पातळी आधीपेक्षा कुठे आहे. दोन्ही आकडे सोबत पाठवा, एकटा नको. त्यावर आपण पुढे एक भाग करू.

तोवर रामराम.